एक बेट, दोन प्लगपॉइंट: सेंट मार्टिनला जाण्याची तयारी

आमच्या भाताच्या कुकरने जीव सोडला तो सेंट मार्टिन बेटावरच्या ग्रां काझ गावात, संध्याकाळी साडेसातला. न्यूजर्सीहून बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेला तीन कपांचा छोटा कुकर. आदले तीन दिवस त्यानेच बिनतक्रार वरण-भात दिला होता. त्या दिवशी बटण खाली केलं, दिवा नेहमीपेक्षा जरा जास्तच ठळक लागला आणि मिनिटभरात जळक्या रबराचा वास आला. "काय जळतंय गं?" आई बाहेरच्या खोलीतून ओरडली. जळत होतं ते माझं अज्ञान.

सकाळी आम्ही बेटाच्या डच बाजूला होतो. तिथे वीज ११० व्होल्टची, अमेरिकेसारखी चपट्या पिनांची. दुपारी सामान गाडीत टाकून फ्रेंच बाजूला आलो. तिथे २२० व्होल्ट, गोल पिना. मी शहाणपणा करून पिनांचा आकार बदलणारा अडॅप्टर आणला होता, पण तो फक्त आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. दोन मुक्कामांमध्ये गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. मधे कुणी पासपोर्ट मागितला नाही, गाडी थांबवली नाही. रस्त्याकडेला एक पाटी होती, बस्स.

या बेटावर सरहद्द रस्त्यात दिसत नाही. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये, पाकिटात, फोनमध्ये आणि व्हिसाच्या नियमांत दिसते. तयारी करायची ती तिथे.

आधी बेट समजून घ्या

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य कडेला सुमारे ८७ चौरस किलोमीटरचं हे बेट आहे. उत्तरेचा मोठा भाग फ्रान्सचा: सें मार्तां, राजधानी मारिगो. दक्षिणेचा लहान भाग नेदरलँड्सच्या राज्यातला: सिंट मार्टेन, राजधानी फिलिप्सबर्ग. फ्रेंच भाग २००७ पर्यंत ग्वादलूपला जोडलेला होता, आता त्याची स्वतंत्र प्रादेशिक परिषद आहे. डच भाग १० ऑक्टोबर २०१० पासून डच राजमुकुटाखालचा स्वायत्त देश आहे. फ्रेंच बाजू युरोपीय संघात मोडते, डच बाजू मोडत नाही. आणि रस्त्यावर दोन्हीकडे सर्रास बोलली जाते ती इंग्रजी.

वाटणी झाली २३ मार्च १६४८ रोजी. गाइड लोक हमखास सांगतात ती गोष्ट अशी: एक फ्रेंच आणि एक डच माणूस एकाच जागेहून पाठीला पाठ लावून किनाऱ्याने चालत सुटले, फ्रेंच वाइन पीत होता, डच जिन, म्हणून डच मागे पडला आणि त्याच्या वाट्याला कमी जमीन आली. गोष्ट गोड आहे. खरं कारण इतकं गोड नाही. वाटाघाटी चालू असताना फ्रेंचांचं आरमार जवळच नांगर टाकून होतं.

पायरी पहिली: कागदपत्रं, आणि तीही दोनदा

अमेरिकी पासपोर्ट असेल तर दोन्हीकडे ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हा भाग सोडून पुढे वाचा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मात्र हे बेट म्हणजे दोन देश समजूनच अर्ज करावा.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची. "फ्रान्सचा व्हिसा आहे ना, मग फ्रेंच बाजू आपलीच" असं वाटतं. सें मार्तां युरोपीय संघात असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही. पॅरिस बघायला काढलेला व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रान्सच्या कॅरिबियन प्रदेशांसाठीही तो ग्राह्य असल्याची नोंद व्हिसावर असावी लागते. म्हणून अर्ज करतानाच प्रवासाच्या ठिकाणांत सें मार्तांचं नाव स्वच्छ लिहा. डच बाजूसाठी नेदरलँड्सचा कॅरिबियन व्हिसा वेगळा असतो. अमेरिका, कॅनडा वा शेंगेनचे काही परवाने असणाऱ्यांना त्यात सवलत मिळते. तुमच्या पासपोर्टला आणि परवान्याला नेमकं काय लागू आहे ते नेदरलँड्स सरकारच्या संकेतस्थळावर पाहून त्याचा प्रिंट सोबत ठेवा. विमानतळावर चेक-इनला बसलेल्या माणसाला हे बेट नकाशावर सापडेलच असं नाही. प्रिंट दाखवला की वाद मिटतो.

कुणी म्हणेल, मधे तपासणी नाही तर दोन परवानग्या कशाला? तपासणी नाही याचा अर्थ नियम नाही असा होत नाही. अपघात झाला, दवाखाना लागला, पोलिसांनी कागद विचारले, तर तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात हे त्या क्षणी महत्त्वाचं ठरतं. आईसाठी आम्ही दोन्हीकडची परवानगी काढली. दोन महिने आधी सुरुवात केली, तेव्हा कुठे झोप लागली.

अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी एक: आईवडील अमेरिकेच्या व्हिसावर तुमच्याकडे आलेले असतील तर तो अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे बघूनच तिकीट काढा. बेटावर जाणं सोपं, परत येणं अवघड अशी वेळ यायला नको. आणि भारतातून अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्यापेक्षा मुंबई-पॅरिस किंवा मुंबई-ॲमस्टरडॅम करून तिथून थेट विमान घेणं सुटसुटीत.

पायरी दुसरी: केव्हा जायचं

डिसेंबर ते एप्रिल कोरडा, वाऱ्याचा, देखणा आणि महागडा काळ. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर जास्त जोखमीचा. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा वादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटरचे वारे घेऊन या बेटावरून गेलं. विमानतळाची इमारत पार मोडली. तिची पुनर्बांधणी २०२४ पर्यंत चालली. अजूनही एखाद्या वळणावर छप्पर नसलेलं हॉटेल उभं दिसतं, खिडक्यांच्या जागी झाडं.

आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो. भाडी उतरलेली असतात, समुद्र शांत असतो. फक्त पूर्व किनाऱ्यावर या दिवसांत सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं आणि कुजलं की अंड्यासारखा वास मारतं. तेव्हा पश्चिमेचे किनारे धरायचे.

पायरी तिसरी: मुक्काम

माझं मत सरळ आहे: मुक्काम एकाच बाजूला करा आणि दुसऱ्या बाजूला गाडीने फिरा. अख्खं बेट न थांबता दीड-दोन तासांत फिरून होतं. दोन मुक्काम करण्यात मिळवलं काहीच नाही. आम्ही तर कुकर गमावला.

रात्रीची वर्दळ, कॅसिनो, मोठी रिसॉर्ट, अमेरिकी पद्धतीचे सॉकेट हवे असतील तर डच बाजू: सिम्पसन बे, माहो. शांतता, सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम पाव आणि सावकाश जेवण हवं असेल तर फ्रेंच बाजू: ग्रां काझ किंवा ओरिएंट बे. स्थानिक लोक इंग्रजी बोलताना "ग्रँड केस" म्हणतात, म्हणून "ग्रां काझ" ऐकून कुणी गोंधळलं तर वाईट वाटून घेऊ नका. वयस्कर मंडळी सोबत असतील तर ओरिएंट बेबद्दल एक गोष्ट आधी सांगून ठेवते. त्याच्या दक्षिण टोकाला लोक कपड्यांविना फिरतात. आईने पहिल्याच दिवशी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "मला लांबचं तसंही दिसत नाही."

स्वयंपाकघर असलेलंच घर घ्या. शाकाहारी असाल तर दोनदा वाचा हे वाक्य.

पायरी चौथी: विजेचं, फोनचं आणि पैशाचं

विजेचं वर आलंच. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत "१००-२४०" असं लिहिलेलं असतं. ते दोन्हीकडे चालतात, फक्त पिनांचा अडॅप्टर लागतो. उष्णता तयार करणारी वस्तू, म्हणजे कुकर, किटली, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, मात्र पाठ बघितल्याशिवाय लावायची नाही. भारतातून आणलेली किटली फ्रेंच बाजूला बरी चालेल, डच बाजूला पाणी कोमटच होत राहील.

फोनचा देश-क्रमांक फ्रेंच बाजूला ५९०, डच बाजूला १-७२१. म्हणजे समोरच्या टेकडीपलीकडे लावलेला फोन परदेशी. युरोपचं सिमकार्ड असेल तर फ्रेंच बाजूला युरोपातल्यासारखंच चालतं, पण सरहद्दीजवळ फोन आपसूक पलीकडचा टॉवर पकडतो आणि बिल फुगतं. सरहद्दीजवळ राहत असाल तर नेटवर्क हाताने निवडून ठेवा. तातडीच्या वेळी फ्रेंच बाजूला ११२, डच बाजूला ९११.

पैसे: फ्रेंच बाजूचं चलन युरो. डच बाजूला ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर आलं; एका डॉलरला १.७९ असा त्याचा दर बांधलेला आहे. व्यवहारात अमेरिकी डॉलर दोन्हीकडे चालतो, त्यामुळे एटीएममधून गिल्डर काढायची गरज पडत नाही. सुट्ट्यात कुणी "नेदरलँड्स अँटिल्स" छापलेली जुनी नोट दिली तर हसून परत करा. ती व्यवहारातून गेलेली आहे.

आता एक युक्ती. फ्रेंच बाजूच्या बऱ्याच हॉटेलांत रोख डॉलर देणाऱ्याला एका युरोला एक डॉलर असाच दर लावतात. युरो डॉलरपेक्षा महाग असला की तिथे रोख दिल्याने दर बिलामागे चांगली बचत होते. बसण्याआधी विचारा: "वन टू वन?" एवढे तीन शब्द पुरतात. कार्डने पैसे देताना मशीनने चलन विचारलं तर युरो निवडा, रुपये किंवा डॉलर नको.

टीपचंही वेगळं. फ्रेंच बाजूला सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, वर थोडे सुटे ठेवले तरी पुरे. डच बाजूला अमेरिकी रीत. पण बिल नीट वाचा, कित्येकदा ते आधीच जोडलेलं असतं आणि खाली पुन्हा टीपची रिकामी ओळ असते.

पायरी पाचवी: गाडी

भाड्याची गाडी घ्याच. टॅक्सीला मीटर नसतो, ठरलेले दर असतात आणि दोन-तीन फेऱ्यांत गाडीचं भाडं निघून जातं. दोन्हीकडे उजव्या बाजूने चालवायचं. भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. कंपनीला एकच प्रश्न: विमा बेटाच्या दोन्ही बाजूंना लागू आहे का? उत्तर लेखी घ्या.

वाहतूक कोंडी हे इथलं खरं सार्वजनिक वाहन आहे, सगळे त्यातच बसलेले असतात. सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी दिवसातून काही ठरावीक वेळा उचलला जातो आणि दोन्हीकडे रांगा लागतात. त्या वेळा मुक्कामी विचारून फोनमध्ये टिपून ठेवा. किनाऱ्यावर गाडी लावली की आत काहीही ठेवू नका. चादरीखाली झाकून तर मुळीच नको. झाकलेलं म्हणजे मौल्यवान, हे चोरालाही कळतं.

पायरी सहावी: दिवस कसे लावायचे

पाच दिवस बेटाला पुरतात.

पहिल्या दिवशी माहोला जाऊन विमानं बघून घ्या, म्हणजे घरातली मुलं (आणि नवरे) शांत होतील. प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरची, तिचं एक टोक थेट किनाऱ्याच्या रस्त्याला लागतं. उतरणारं विमान डोक्यावरून इतकं खालून जातं की चाकांची नक्षी दिसते. पॅरिस-ॲमस्टरडॅमची मोठी विमानं साधारण दुपारी येतात. उतरणारं विमान बघा. उडणाऱ्या विमानामागे कुंपणाला लटकू नका. इंजिनाचा झोत माणसाला फेकून देतो. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडची एक पर्यटक महिला अशीच मरण पावली. झोतासोबत उडणारी वाळूही उघड्या पायांना सुईसारखी टोचते, तेवढा अनुभव मी दुरून घेतला. पोहायला मात्र माहोपेक्षा शेजारचं मलेट बे कितीतरी चांगलं.

मारिगो शनिवारी सकाळी करा. धक्क्याजवळचा बाजार तेव्हा भरात असतो: मसाले, मासळी, मधे मधे रमच्या बाटल्यांत बुडवलेली फळं. मग वर चढून १७८९ चा सेंट लुई किल्ला. किल्ला म्हणजे उरलेल्या भिंती आणि तोफा, पण वरून एका बाजूला मारिगोची लाल छपरं, दुसरीकडे खाडी आणि समोर अँग्विला बेट दिसतं. अँग्विलाची बोट खालच्या धक्क्यावरूनच सुटते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. ते ब्रिटिश आहे, म्हणजे तिसरा देश आणि व्हिसाचा तिसरा नियम. आम्ही हात हलवून नमस्कार केला आणि खाली उतरलो. दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणा, मग प्रश्न विचारा. न म्हणता थेट "हाऊ मच" विचारलं की समोरच्या बाईंचा चेहरा बंद होतो. दुपारी आणि रविवारी फ्रेंच बाजूची बरीच दुकानं बंद असतात, पुण्याच्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

मारिगोहून कोल बेकडे जाताना सरहद्दीवर एक दगडी स्तंभ आहे, कराराला ३०० वर्षं झाली तेव्हा १९४८ मध्ये उभारलेला. दोन झेंडे, थोडं गवत. लोक एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. आम्हीही काढला. पण तिथे उभं राहून आणखी एक आठवावं. फ्रान्सने गुलामगिरी १८४८ मध्ये रद्द केली, नेदरलँड्सने १८६३ मध्ये. मधली पंधरा वर्षं या रेषेच्या उत्तरेला माणूस मोकळा होता आणि दक्षिणेला कागदोपत्री कुणाच्या तरी मालकीचा. चालत ओलांडता येणारी रेषा. अनेकांनी ओलांडली, आणि डच मळेवाल्यांना आपल्याकडच्या माणसांना गुलाम म्हणून धरून ठेवणं अशक्य होऊन बसलं. डच बाजूला वन-टेटे लोके या पळून गेलेल्या गुलाम स्त्रीचा पुतळा आहे. पकडल्यावर तिचा एक स्तन कापला, तरी ती पुन्हा पळाली, असं लोककथा सांगते. गाडी थांबवून बघा.

फिलिप्सबर्गला जायचा दिवस ठरवताना बंदरात त्या दिवशी किती क्रूझ जहाजं आहेत ते इंटरनेटवर पाहून घ्या. चार-पाच असली तर फ्रंट स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. एखादंच असेल तर घासाघीस करायला दुकानदारही मोकळा असतो. दागिने, घड्याळं आणि कॅमेऱ्यांची बरीच दुकानं सिंधी कुटुंबांची. आईने एकाशी हिंदीत सुरुवात केली, तेव्हा कानातल्यांचा भाव दोन वाक्यांत उतरला. शहराच्या मागे मोठं खारं तळं आहे, पूर्वीचं मिठागर. उरण-भांडुपच्या माणसाला ते बघताच कळेल की इथे युरोपीय कशासाठी भांडले. डचांना हेरिंग मासा खारवायला मीठ हवं होतं. त्यांनी १६३१ मध्ये इथे फोर्ट ॲमस्टरडॅम बांधला, दोनच वर्षांत स्पॅनिशांनी तो घेतला. तो परत घ्यायला १६४४ मध्ये आलेल्या पीटर स्टायव्हेसंटचा पाय तोफगोळ्याने गेला. पुढे लाकडी पाय घेऊन हाच माणूस न्यू ॲमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा, गव्हर्नर झाला.

एक पूर्ण दिवस पिनेल बेटाला द्या. क्युल-द-साकच्या धक्क्यावरून छोटी बोट दहा मिनिटांत नेते. पाणी लांबपर्यंत कमरेइतकंच, लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना झकास. इग्वाना चपलांजवळून निवांत फिरतात, पपईचा तुकडा मागतात, देऊ नका. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच विचारून ठेवा.

उरलेल्या दिवशी पीक पारादी, बेटाचं सर्वांत उंच ठिकाण, ४२४ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ, पण झाडी घनदाट आणि वाट निसरडी. एकट्याने जाऊ नका.

पायरी सातवी: खाणं

ग्रां काझमध्ये समुद्राकडेला "लोलो" आहेत: पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकडी, कापलेल्या पिंपावर भाजली जाणारी कोंबडी आणि बरगड्या. मासे खाणाऱ्याने स्वर्ग समजावा. शाकाहाऱ्याला जॉनी केक (आपल्या जाडसर पुरीचा भाऊ), तळलेली केळी, कोबीची कोशिंबीर मिळते. राजम्यासारख्या दाण्यांचा भातही मिळतो, पण तो कधी कधी मांसाच्या तुकड्यावर शिजवलेला असतो, म्हणून विचारूनच घ्या.

खरा शोध डच बाजूला लागला. त्रिनिदाद आणि गयानाहून आलेल्या लोकांची छोटी रोटीची दुकानं आहेत. "धालपुरी" मागितली. मऊ पोळी, आत वाटलेल्या डाळीचं कोरडं सारण, त्यात गुंडाळलेला हरभरा आणि बटाटा. आईने पहिला तुकडा मोडला, आतला पिवळा थर बोटाने चाचपला आणि म्हणाली, "ही तर मिठाची पुरणपोळी." दुकानदारबाईंच्या पणजोबांना ऊसमळ्यावर मजुरीला नेलं होतं, गाव कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सारण ठाऊक होतं. कुकर गेल्यावरचे दोन दिवस आम्ही याच दुकानावर काढले.

परतताना ग्वाव्हाबेरीची बाटली आणा. नाव पेरूसारखं असलं तरी तिचा पेरूशी संबंध नाही. ही एका रानफळाची रममध्ये मुरवलेली दारू, इथे ख्रिसमसला पितात.

पायरी आठवी: जे कुणी सांगत नाही

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. खाली हिरवी, लहान सफरचंदासारखी फळं पडलेली. फळ चाखू नका, पानं तोडू नका आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं तर राहूच नका. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. काही झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळ्यांवर नाही.

डासांचं मलम न्या. अमेरिका खंडांत चिकनगुनियाचा स्थानिक फैलाव पहिल्यांदा सापडला तो डिसेंबर २०१३ मध्ये याच बेटावर. ज्यांचे सांधे घरच्या साथीत एकदा धरलेत त्यांना जास्त सांगायला नको.

निघताना

विमानतळ डच बाजूला. ग्रां काझहून एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, पण पूल उचलला असेल आणि शाळा सुटली असेल तर दीड तास धरा. गाडीत पेट्रोल भरून द्यायचं, त्या पंपावरही रांग असते. हाताशी गिल्डरची नाणी उरली असतील तर तिथेच पाण्याची बाटली घेऊन संपवा. पुढे कुठेच ती कुणी घेणार नाही. आमच्याकडे साडेतीन गिल्डर उरले होते आणि एक जळका कुकर. कुकरचं भांडं आईने टाकू दिलं नाही. ते परत बॅगेत, त्याच टॉवेलमध्ये.